आधी पाय, मग डोकं

वीस वर्षं ठाणे ते दादर एका पायावर प्रवास केलेल्या माणसाला पाणबुडी काय घाबरवणार? विशाखापट्टणमला, आर. के. बीचवर तिकिटाच्या रांगेत मी हे बायकोला दोनदा ऐकवलं. समोर 'कुरसुरा' आडवी पसरली होती. १९६९ साली सोव्हिएत रशियाकडून घेतलेली, १९७१च्या युद्धात अरबी समुद्रात गस्त घातलेली, २००१ मध्ये निवृत्त आणि पुढच्याच वर्षी वाळूवर संग्रहालय होऊन बसलेली. लांबी ९१ मीटर, म्हणजे लोकलचे जेमतेम साडेचार डबे. त्यात ७५ माणसं राहायची, हे वाचून मला हसूच आलं. ७५ तर आमच्या दारात लटकलेली असतात.

आत शिरलो. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला पोलादी भिंतीत गोल भोक. माहिती द्यायला उभे असलेले निवृत्त नौसैनिक म्हणाले, "पहले पैर, फिर सिर." पण लोकलची सवय! मी आधी डोकं घातलं, मग खांदे, मग पाठीवरची सॅक. पोटानं मात्र उतरायला साफ नकार दिला. लोकलमध्ये अशा वेळी मागचे ढकलतात. इथे मागे शांतता. त्या शांततेत एका पोरानं विचारलं, "आई, हे काका टॉर्पेडो आहेत का?"

बायको मला ओळखत नसल्यासारखी गेज बघत उभी राहिली.

शेवटी नौसैनिकांनीच मला उलटं ओढून काढलं, पाय आधी घालायला लावले आणि पुढची माहिती खास मला उद्देशून दिली. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून खोल पाण्यात सगळा कारभार बॅटऱ्यांवर. त्या चार्ज करायला वर यायचं. गोडं पाणी मोजकं, त्यामुळे आंघोळीचं नाव काढायचं नाही. डोक्यावर पाइप, उशाला टॉर्पेडो, अंगाला डिझेलचा वास, आणि हे आठवडेच्या आठवडे. मी मुकाट्यानं मान हलवली. ती वर पाइपावर आपटली. लोकलमध्ये निदान दादर येतं हो.

परवा नौपाड्यात, घरी, कंदिलाचं खोकं काढायला माळ्यावर चढत होतो. खालून स्टूल धरून बायको म्हणाली, "अहो, आधी पाय!"