डोळे तपासले की डिमेन्शिया ‘१२ वर्षं आधी’ कळतो का?

घरच्या ग्रुपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा आहे: डोळ्यांच्या तपासणीत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) १२ वर्षं आधी कळतो, चष्म्याचा नंबर वाढणं हे पहिलं लक्षण, साठीनंतर रेटिनाचा स्कॅन करून घ्याच, मोतीबिंदू काढला की धोका टळतो. यातल्या बऱ्याच गोष्टींमागे खरं संशोधन आहे. गडबड होते ती अर्थ लावताना.

‘१२ वर्षं आधी कळतो.’ हा आकडा इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या दीर्घ पाहणीतला. लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी तो २०२४ मध्ये मांडला. ८,६२३ निरोगी माणसांपैकी ५३७ जणांना पुढे डिमेन्शिया झाला. चाचणी साधी होती: पडद्यावर ठिपके हलत असतात, त्यांतून त्रिकोण आकार घेऊ लागतो, तो दिसला की लगेच बटण दाबायचं. पुढे आजारी पडलेल्यांना त्रिकोण सरासरीने उशिरा दिसला. ठिपक्यांतून आकार जुळवण्याचं काम मुख्यतः मेंदूचं असतं, त्यामुळे नेत्रतज्ज्ञाकडे अक्षरांचा तक्ता वाचून हे कळत नाही.

आणि ‘सरासरीने’ हा शब्द फॉरवर्डमध्ये गळून पडला आहे. एक हिशेब करून पाहा. समजा अशी एखादी चाचणी आजारी होणाऱ्यांपैकी ८० टक्के अचूक पकडते आणि न होणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांना अचूक सोडून देते. नॉरफोकच्या प्रमाणाने १,००० जणांत सुमारे ६२ जणांना आजार होणार. चाचणी त्यातले ५० पकडेल, पण उरलेल्या ९३८ मधल्या १८८ जणांनाही ‘धोका’ सांगेल. म्हणजे घाबरून घरी गेलेल्या २३८ पैकी १८८ जणांना काहीच होणार नाही.

‘नंबर वाढणं हे लक्षण.’ हे साफ चूक. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, म्हणून जवळचा नंबर साठीपर्यंत वाढत राहतो. मोतीबिंदू सुरू झाला की लांबचा नंबर बदलतो. कधी तर पेपर चष्म्याशिवाय वाचता येऊ लागतो. साखर वरखाली झाली तरी नंबर काही आठवडे डळमळतो. घरी अंदाज घ्यायचा तर जाड कागदाला टाचणीने भोक पाडा आणि एक डोळा झाकून त्यातून लांबची पाटी वाचा. स्पष्ट दिसली तर बहुधा नंबराचाच प्रश्न आहे.

खरी काळजीची तक्रार वेगळी असते आणि तीच फॉरवर्डमध्ये नाही. अल्झायमर हे डिमेन्शियाचं सर्वांत मोठं कारण; त्याच्या एका प्रकारात मेंदूच्या मागच्या भागाची आधी झीज होते. ताटाशेजारी ठेवलेली वाटी समोर असून सापडत नाही. तक्त्यावरचं एकेक अक्षर वाचता येतं, पण ओळ वाचताना डोळा भरकटतो. पायरी किती खोल आहे ते कळत नाही, पेला टेबलाच्या अगदी कडेला ठेवला जातो. डोळे तपासले तर निर्दोष. असे लोक दोन-तीन चष्मे बदलत राहतात, आणि त्यात महिने, कधी वर्षं जातात. चष्मा नवा, डोळा ठीक, तरी हे चालूच असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

‘रेटिनाचा स्कॅन करा.’ रेटिना म्हणजे डोळ्याचा आतला पडदा. ओसीटी हा स्कॅन त्या पडद्यावरच्या मज्जातंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजतो. हा थर पातळ असलेल्यांची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी किंचित कमी असते, हे मोठ्या पाहण्यांत दिसलं आहे. पण तोच थर काचबिंदूत पातळ होतो, जास्त मायनस नंबर असलेल्यांत मुळातच पातळ मोजला जातो, आणि मोतीबिंदूमुळे सिग्नल कमी आला की मापही चुकतं. ओसीटी काचबिंदूसाठी किंवा मधुमेहासाठी करा. डिमेन्शियाचा निकाल त्यातून मिळत नाही. अशा स्कॅनबरोबर हळदीचं नावही ऐकू येतं, तिथेही अर्थ लावताना गडबड होते. हळदीतलं कर्क्युमिन पडद्यावरच्या अमायलॉइडला (अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनाला) चिकटून चमकतं, म्हणून काही संशोधकांनी ते चित्र काढण्यापुरतं, रंगासारखं वापरलं. औषध म्हणून नव्हे.

‘मोतीबिंदू काढला की धोका टळतो.’ इथे मात्र तथ्य बरंच आहे. अमेरिकेतल्या सिएटलच्या पाहणीत ६५ वर्षांवरच्या ३,०३८ जणांमध्ये शस्त्रक्रिया झालेल्यांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ३० टक्के कमी आढळलं. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत, जिने नजर परत येत नाही, असा फरक दिसला नाही. अर्थात मुळात धडधाकट माणसंच ऑपरेशनला जास्त जातात, ही शंका अशा पाहणीत पूर्ण फिटत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये उपचार न केलेलं दृष्टिदौर्बल्य डिमेन्शियाच्या १४ टाळता येण्याजोग्या कारणांत घातलं; त्याचा वाटा २ टक्के, कमी ऐकू येण्याचा ७ टक्के. म्हणून ‘पिकू दे, मग काढू’ हे थांबवा. वाचायला, चालायला अडचण येऊ लागली की ऑपरेशनचा विचार करा, आणि त्याच महिन्यात कानही तपासा.

एक गोष्ट दवाखान्यांतही राहून जाते. स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचणीत वाक्य वाचायचं असतं, एकमेकांत अडकलेले पंचकोन काढायचे असतात. ज्यांना धूसर दिसतं अशा आजींचे गुण तिथेच जातात. जाताना वाचायचा चष्मा आणि श्रवणयंत्र बरोबर न्या, मोतीबिंदू असल्याचं आधी सांगा, आणि ऑपरेशननंतर नवा चष्मा मिळाला की तीच चाचणी पुन्हा करून घ्या.