हयातीचा दाखला आणि एफ कॉर्ड

परवा मी चार वेळा मेलो, तेही एकाच काउंटरवर. नोव्हेंबरात पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा. यंत्रावर बोट ठेवायचं, आधारशी जुळलं की आपण जिवंत. वायर पुरत नव्हती म्हणून काउंटरवरच्या मुलीने डावा हात मागितला. तर्जनी नाही. मधलं नाही. "काका, बोटं पुसा." पुसली. अनामिका, करंगळी... नाहीच.

"भांडी घासता का हो?" मागून कानटोपीतले एक आजोबा.

"गिटार शिकतोय." माझा आवाज उगाच खाली गेला.

"गिटार शिकतायत!" त्यांनी रांगेला बातमी दिली. मग चष्मा कपाळावर सारून, वांगं किडकं आहे का बघावं तसं माझं बोट दाबून पाहिलं. "घट्टे पडलेत. आमच्या हिच्या टाचेला आहेत अगदी असेच. कोकमाचं तेल लावा."

टाचेला! आठ महिने पोलादी तारा दाबून कमावलेत मी ते. एफ कॉर्ड म्हणजे एकदम छेडायचा सूरमेळ; त्याला तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबावी लागते. माझ्या चार वाजतात, दोन खोकतात. सर चोवीस वर्षांचे. "काका, रिलॅक्स," म्हणतात.

याचं मूळ 'यादों की बारात'मध्ये. सिनेमा १९७३चा, मी दहा वर्षांचा. पेटीच्या भात्याबाहेरचं सगळं अण्णांच्या लेखी थिल्लर. म्हणून बुधवारी रात्री आठला शेजाऱ्यांच्या रेडिओवरची बिनाका गीतमाला मी जिन्यात बसून ऐकायचो. तिथे 'चुरा लिया है'च्या सुरुवातीची गिटार कानात शिरली ती निघालीच नाही. भूपिंदर सिंगांची, हे फार उशिरा कळलं. मी गिटार मागितली. अण्णा म्हणाले, "उद्या गॉगल मागशील." आणि पेटीचा क्लास लावला.

"काय वाजवता?" आजोबा.

"'चुरा लिया'ची सुरुवात."

"त्यात गिटार कुठंय? ग्लासावर चमचा आहे तो!"

"ग्लास आहे हो, पण लगेच गिटार..."

"ग्लासच! पंचमची आयडिया. सगळ्या जगाला ठाऊक आहे."

रांगेने माना डोलावल्या. एका बाईंनी स्टीलच्या बाटलीवर पेन वाजवून दाखवलं. महिना दीड हजार फी भरतोय मी, आणि कौतुक चमच्याचं!

चिडलो होतोच. त्यात माझ्या आधीच्या मावशी आठवल्या. जन्म झाडू मारण्यात गेलेला, दहाही बोटं गुळगुळीत. त्यांना "उद्या या" सांगून परत पाठवलं होतं. माझे ठसे हौसेने गेले, त्यांचे नोकरीने. ज्या कामाची पेन्शन, त्याच कामाने ठसे पुसले, तर बाईंनी बोटं कुठून आणायची? हे मी मोठ्याने म्हणालो. तेव्हा मात्र रांगेत कुणी मान डोलावली नाही.

शेवटी खुर्ची फिरवून उजवा अंगठा टेकवला. जिवंत!

"मग गिटार उजव्या हातानेच वाजवत जा ना," आजोबा म्हणाले.

घरी येऊन गिटारला हात लावला नाही. काचेचा ग्लास घेतला, चमचा घेतला.

पहिल्याच फटक्यात जमलं.