कुत्र्यांचे लसीकरण आवश्यक, पण पुरेसे नाही

जंगलालगतच्या कुत्र्यांना लस टोचली की सिंहांमधला कॅनाइन डिस्टेंपर (कुत्र्यांत आढळणारा, पण इतर मांसभक्षकांनाही होणारा विषाणूजन्य आजार) आटोक्यात येईल, हे लेखातील प्रतिपादन मला अपुरे वाटते. १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटी अभयारण्यातील सुमारे एक तृतीयांश सिंह या साथीत दगावले. पुढे भोवतालच्या गावांतील कुत्र्यांचे मोठ्या प्रमाणावर लसीकरण होऊनही सिंहांमध्ये संसर्ग होतच राहिला, कारण तरस, कोल्हे यांसारखे इतर मांसभक्षकही हा विषाणू पसरवू शकतात. शिवाय दुष्काळाने खंगलेल्या रानम्हशींवरील गोचिडांमुळे सिंहांत फैलावलेल्या बॅबेसिया या रक्तातील परजीवीने त्या साथीतील मृत्यू वाढवले होते, याचा लेखात उल्लेखही नाही. २०१८ मध्ये गीरमध्ये हाच विषाणू आढळल्यावर सिंहांनाच लस द्यावी लागली. एकाच साथीत सगळे सापडू नयेत म्हणून त्यांतील काही सिंह गुजरातबाहेर हलवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश मात्र अंमलात आलेला नाही, आणि माझ्या मते खरी दिरंगाई तिथेच आहे.