हॉर्न वाजतो म्हणून क्लॉक स्प्रिंग धड असेलच असं नाही

नागपुरातल्या गाडीवाल्यांमध्ये उन्हाळा आला की एक मेसेज फिरतो: ‘एअरबॅगचा दिवा लागला तर घाबरू नका, ४५ डिग्रीत सेन्सर तापतो. बॅटरीची तार दहा मिनिटं काढा, दिवा जाईल. हॉर्न वाजतो म्हणजे क्लॉक स्प्रिंग चांगली. हॉर्न बंद असेल तर फ्यूज बदला.’ यातलं कामाचं काही असेल तर ते शेवटच्या वाक्यात, तेही अर्धंच.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते हॉर्नच्या बाबतीत. क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टेअरिंग व्हीलच्या मागची चपटी, गोल प्लास्टिकची डबी; फिरत्या व्हीलमधला हॉर्न, एअरबॅग, बटणं ती गाडीच्या वायरिंगला जोडते. आत फिल्मसारखी पातळ पट्टी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असते. व्हील फिरेल तशी ती आवळते, सैल होते. पट्टीवर तांब्याचे ट्रॅक वेगवेगळे: एअरबॅगचे निराळे, हॉर्नचा निराळा, ऑडिओ-क्रूझच्या बटणांचे निराळे. एक तुटला म्हणून दुसरा तुटत नाही. व्हरायटी चौकात हॉर्न खणखणीत वाजतोय आणि ड्रायव्हरच्या एअरबॅगची लाइन तुटलेली आहे, असं सहज होऊ शकतं. शिवाय हॉर्नच्या बटणाला फक्त रिलेची (हॉर्नला वीज सोडणाऱ्या स्विचची) कॉइल ओढायची असते, ट्रॅक थोडा खराब झाला तरी भागतं. एअरबॅगचा कंट्रोलर मात्र आपल्या सर्किटचा रेझिस्टन्स सतत तपासतो. तो असतो साधारण दोन-तीन ओहम. त्यात फरक पडला की दिवा लागतो. म्हणून बऱ्याचदा पहिली खूण हॉर्न नाही, दिवा देतो.

आता फ्यूज. जरूर बघा, रिलेही बॉक्समधल्या तशाच दुसऱ्या रिलेशी बदलून बघा. पण फ्यूज उडाला की हॉर्न स्टेअरिंगच्या कुठल्याही कोनात वाजत नाही. क्लॉक स्प्रिंगचा बिघाड बऱ्याचदा कोनावर चालतो. मोकळ्या मैदानात हँडब्रेक लावा, इंजिन चालू ठेवून व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि दर पाव फेऱ्याला हॉर्न दाबा. डावीकडे वाजतो, उजवीकडे गप्प. किंवा व्हॉल्यूमचं बटण सरळ व्हीलवर चालतं आणि वळवलं की मरतं. किंवा फिरवताना मागून कागद चुरगळल्यासारखी खरखर येते. यातलं एक जरी दिसलं तरी संशय पट्टीवरच घ्या. काहीच दिसलं नाही आणि फक्त दिवा असेल, तर गॅरेजच्या स्कॅनरवर कंट्रोलरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचून घ्या. दोष सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये किंवा बेल्टच्या बकलमध्येही असू शकतो. सीट मागे-पुढे सरकवून, खाली सामान कोंबून तो कनेक्टर ढिला होतो.

उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात नागपुरात सगळंच तापतं बाप्पा, तेवढ्यासाठी चांगल्या सर्किटचा दिवा लागत नाही. सकाळी गाडी थंड असतानाही तो लागलेला असेल तर उन्हाला दोष देण्यात अर्थच नाही. चावी फिरवल्यावर काही सेकंद पेटून विझणं नॉर्मल; न विझणं म्हणजे धडकेत एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे हा प्रश्न आता स्वस्त गाड्यांचाही आहे.

बॅटरीची तार काढून बहुतेक गाड्यांत हा कोड पुसला जात नाही, मेमरीत तसाच राहतो. कनेक्टरमध्ये दोन ओहमचा रेझिस्टर खोचून दिवा घालवणारेही भेटतात. असा दिवा गेला की कंट्रोलर मेलेल्या एअरबॅगला ठणठणीत समजतो. असल्या मेकॅनिककडून गाडी घेऊन निघा. एअरबॅगवर थेट मल्टिमीटर लावणं तर त्याहून घातक.

पट्टी तुटते कशाने? वयाने, आणि बऱ्याचदा मेकॅनिकच्या हाताने. स्टेअरिंगच्या रॅकचं (पुढची चाकं वळवणारा भाग) किंवा कॉलमचं (व्हीलखालचा दांडा) काम करताना दोघांमधला जोड सुटला आणि व्हील मोकळं गरागरा फिरलं, की पट्टीचा मध्य हुकतो. पुढे पूर्ण वळणावर ती ताणून तुटते. म्हणून रॅक काढण्याआधी चाकं सरळ करून व्हील बांधायला सांगा.

नवी बसवताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढून निदान दहा मिनिटं थांबावं, मगच एअरबॅगला हात लावावा. नव्या डबीला मध्यावर धरून ठेवणारी लॉकपिन डबी जागेवर बसल्याशिवाय काढू नये. पिन आधीच निघाली असेल तर डबी हलक्या हाताने एका टोकाला नेऊन परत साधारण अडीच-तीन फेरे फिरवावी आणि खुणा जुळवाव्यात. नेमके फेरे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतात. व्हीलचा नटही मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच) आवळावा. शेवटी कोड स्कॅनरने पुसून चावी फिरवायची, तेव्हा गाडीच्या आत कोणी बसलेलं नसावं.