बाथरूममधला गॅस गिझर आणि आमच्या घरातले ‘पित्त’

मागच्या डिसेंबर-जानेवारीत आमच्या घरात रोज सकाळी कुणाचे ना कुणाचे डोके दुखत होते. बहुतेक वेळा सौभाग्यवतींचे, कारण आंघोळीला त्यांचा नंबर शेवटचा असतो. डोके जड, किंचित मळमळ, पाय गळाल्यासारखे. आणि मराठी घरात या तिन्ही लक्षणांना मिळून एकच नाव असते, ते म्हणजे पित्त. मोरावळा झाला, सूतशेखर झाली, रात्रीचा चहा बंद झाला. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून पाहिला तर त्यावर अठ्ठ्याण्णव आकडा आला, तेव्हा आम्ही निर्धास्त झालो. दुपारपर्यंत सगळे ठीक होत असे, त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्याइतके ते आम्हाला गंभीर वाटले नाही.

हे पित्त ओळखले ते गिझरची बॅटरी बदलायला आलेल्या मेकॅनिकने. त्याने बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर उमटलेला काळसर डाग बोटाने पुसला, गिझर चालू करून ज्योतीचा पिवळा रंग दाखवला आणि मला विचारले, “काका, खिडकी कुठाय?” खिडकी होती, पण नूतनीकरणात लुव्हरच्या (हवा जाईल अशा तिरक्या पट्ट्यांच्या) काचा काढून तिथे एकसंध काच बसवली होती. डासांचा आणि धुळीचा त्रास होतो, म्हणून ती सूचना मीच केली होती. गिझर बसवणाऱ्याने त्याबद्दल एक अक्षर काढले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नव्हते.

त्यानंतर मी जे वाचले, विचारले आणि कागदावर मांडले, त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवूच नये, आणि ज्यांच्या घरात तो बाहेर बसवायला जागा नाही त्यांनी तो घेऊ नये. हे मत टोकाचे वाटेल, म्हणून हिशेब मांडतो. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे तर साधारण दहा-बारा किलोवॉट उष्णता लागते. घरातला पंधरा लिटरचा विजेचा गिझर सहसा दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे भिंतीवरची ही लहानशी पेटी शेगडीच्या चार-पाच मोठ्या बर्नरइतकी जळत असते. चारही बर्नर मोठे करून स्वयंपाकघराचे दार-खिडकी लावून आपण तिथे बसणार नाही, पण बाथरूममध्ये मात्र नेमके तेच करतो, आणि वर कडी लावतो.

पाइपगॅसचा एक घनमीटर पूर्ण जळायला सुमारे दहा घनमीटर हवा लागते. असा गिझर तासाला साधारण सव्वा घनमीटर गॅस जाळतो, म्हणजे दर पाच मिनिटांना अंदाजे एक घनमीटर हवा संपवतो. आमचे बाथरूम चार बाय सात फुटांचे, फॉल्स सीलिंगमुळे उंची सात फूट. एकूण हवा साडेपाच घनमीटर. लागोपाठ तीन आंघोळी झाल्या की त्यातली निम्मी हवा ज्योतीतून जाऊन आलेली असते. प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते, पण ते जळून जाते. त्यामुळे ‘वास आला तर कळेलच’ या भरवशाला इथे काही अर्थ नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला हा फरक ओळखता येत नाही. आमच्या ‘पित्ताचे’ आणि त्या अठ्ठ्याण्णव आकड्याचे इंगित ते होते.

धोका सर्वांत जास्त कधी असतो, याचाही विचार करावा. ठाण्यात थंडी ती किती, पण जी काही असते त्यात आपण फटी बुजवतो. नरक चतुर्दशीला पहाटे घरातली सगळी माणसे एकामागून एक अभ्यंगस्नान करतात, आणि धुळवडीला रंग निघेपर्यंत अर्धा-अर्धा तास पाणी चालू राहते. जास्त माणसे असलेल्या घरात शेवटचा नंबर बहुधा घरातल्या बाईचा असतो, हे मी मुद्दाम नोंदवतो.

‘एक्झॉस्ट फॅन लावला की झाले’ हा सल्ला मला तिघांनी दिला. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल, तर तोच पंखा धुरांड्यातून बाहेर जाणारा धूर उलटा आत ओढू शकतो. दाराच्या खालच्या बाजूला झडपा आणि वर उघडी जाळी असेल तरच पंख्याला अर्थ आहे. नाइलाजाने आतलाच गिझर वापरणाऱ्यांसाठी जुन्या लोकांची पद्धत चांगली आहे: दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा, आणि मग आंघोळीला जावे. शॉवरचे सुख जाते, हे मान्य.

जोडणीबाबत दोन गोष्टी. सिलिंडरच्या गॅसचा दाब आणि पाइपगॅसचा दाब वेगळा असतो, त्यामुळे दोन्हींचे जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक तोंडे, वेगळे असतात. सिलिंडर सोडून पाइपगॅस घेतलेल्या अनेक घरांत जुनाच गिझर तसाच चालवला जातो, हे चूक आहे. पाइपगॅसचा वाढीव पॉइंट गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच घ्यावा. शेगडीच्या नळीला टी लावून देणारा प्लंबर कितीही ओळखीचा असला तरी त्याला चहा पाजून परत पाठवावे. जोड तपासायला साबणाचे पाणी पुरते. घोडबंदरकडे टँकरचे किंवा बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करावेच, कारण जड पाण्याचा क्षार आत साचतो आणि बर्नरमध्ये धूळही अडकते.

आमचा गिझर आता ड्राय बाल्कनीत, म्हणजे कपडे वाळवायच्या उघड्या गॅलरीत आहे. गरम पाण्याची नळी आठ फूट वाढली, बाथरूमच्या तीन फरशा फुटल्या आणि पाणी गरम यायला काही सेकंद जास्त लागतात. सकाळचे पित्त त्या आठवड्यापासून गेले. मात्र काम संपवून निघताना फरशीवाल्याने मला आपुलकीने सुचवले की कबुतरे फार येतात, तेव्हा बाल्कनीला स्लायडिंगच्या काचा लावून टाकू. आमच्या इमारतीत निम्म्या ड्राय बाल्कन्या अशाच काचबंद आहेत आणि त्यांतल्या काहींत गिझर आहेत. मी कबुतरांची जाळी लावून घेतली आहे, आणि धुरांड्याच्या तोंडात काडीकचरा अडकला नाही ना, हे दर रविवारी स्टुलावर चढून पाहतो. सौभाग्यवतींना स्टूल मंजूर नाही. त्यावर आमची चर्चा चालू आहे.