‘सरळही जात नाही आणि वळतही नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर. तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला, फोटो एकेक मोठा करून बघितले, काल परत वाचला, म्हणून उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल आधी सॉरी.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. सरांनी आमच्या 17 फुटी किटची कयाक (वल्ह्याने चालवायची लांब, अरुंद होडी) स्वतः बांधली, 4 एमएम प्लायच्या पट्ट्या तांब्याच्या तारेने शिवून आणि इपॉक्सी गोंदाने जोडून. त्यांचं म्हणणं असं की शांत पाण्यातसुद्धा ती डावीकडे ओढते, बाजूने वारा आला की नाक वाऱ्याकडे फिरवते, आणि मुद्दाम वळवायला गेलं तर सात-आठ वल्ही मारावी लागतात. फोन केला तर आमच्याकडून ‘रडर (मागचं सुकाणू) लावून टाका’ एवढंच उत्तर मिळालं. शेवटी लिहिलंय की डिझाईनच चुकलंय, लाकडी कयाक घरी बांधायच्या भानगडीत कोणी पडू नका.

फोनवरचं उत्तर चुकीचं होतं आणि ते आमच्याकडून गेलं. दुसरं म्हणजे आमच्या माहितीत ‘बाणासारखी सरळ जाते आणि हलक्या हाताने वळते’ असं वाक्य होतं, ते मीच लिहिलं होतं आणि काल काढून टाकलं. एकाच हलकडून, म्हणजे बोटीच्या पाण्यात बसणाऱ्या अंगाकडून, या दोन्ही गोष्टी पुरेपूर मिळत नाहीत. ज्या आकारामुळे ती सरळ जाते तोच आकार तिला वळू देत नाही, आणि तुम्ही ते वाक्य वाचून किट घेतलं असेल तर तुमचा राग बरोबरच आहे.

आता डावीकडची ओढ, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. तुमचा तिसरा फोटो बघा, बोट घोड्यांवर (लाकडी स्टँडवर) उलटी ठेवलीय आणि फोटो मागून काढलाय. शेवटच्या हातभर भागात कीलची, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याची, धार मधल्या रेषेवरून किंचित उजवीकडे गेलेली दिसते, माझ्या अंदाजाने पाच-सहा एमएम. बोट उलटी आहे म्हणजे पाण्यात ती धार डावीकडे जाणार, आणि मागची धार डावीकडे म्हणजे डावीकडे धरलेला रडरच झाला की तो! तार पिळताना एका बाजूची जास्त आवळली गेली किंवा दोन घोडे एका लेव्हलला नसले तर पट्ट्यांना पीळ बसतो, मग फिलेट (सांध्यातला इपॉक्सीचा भराव) भरून फायबर क्लॉथ चढला की तो पीळ कायमचा. आमच्या मॅन्युअलमध्ये पीळ तपासायच्या दोन ओळी आहेत पण त्या इपॉक्सीच्या पानानंतर येतात, म्हणजे वाचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. हे तुमच्या रिव्ह्यूमुळे लक्षात आलं, ते पान आता पुढे घेतोय.

पण फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही, आधी सीट मोजा. सीट मधोमध नसून एक-दीड सेंटीमीटर उजवीकडे बसली असेल तर बोट कायम उजवीकडे कलून चालते, आणि उजवीकडे कललेली कयाक डावीकडे वळते, त्यामुळे लक्षण अगदी हेच दिसेल. ते नसेल तर वारा नसताना पाण्यात जा, वेग घ्या, वल्हं वर उचलून हलू नका आणि बोट कुठे जाते बघा, असं दहा वेळा करा. कधी डावीकडे कधी उजवीकडे गेली तर हलला दोष नाही, प्रत्येक वेळी डावीकडेच गेली तर पीळ आहे. मग बोट उलटी करून नाकापासून शेपटीपर्यंत सूत ताणा आणि पुढे-मागे दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एकीच्या कडेवरून दुसरीकडे बघा, सुतार फळीचा पीळ बघतात तसंच, डोळ्याला लगेच कळतं.

वाऱ्याचं मात्र वेगळं आहे, तिथे तुमच्या बांधणीचा काही दोष नाही. कयाक पुढे चालली की नाकाच्या दोन्ही बाजूंना पाणी घट्ट दाबून बसतं, नाक जागेवर धरलं जातं, पण शेपटीजवळचं पाणी फाटलेलं, सैल असतं, त्यामुळे बाजूचा वारा शेपटीला सहज ढकलतो. शेपूट वाऱ्याबरोबर गेली की नाक आपोआप वाऱ्याकडे. बहुतेक सगळ्याच कयाक थोड्याफार असं करतात. तुमची जास्त करतेय कारण तुम्हीच लिहिलंय की पाण्याचा कॅन आणि बॅग पायांच्या पुढे ठेवली होती. पुढे वजन म्हणजे नाक आणखी खोल रुतलं आणि शेपूट आणखी हलकी झाली. तेच सामान सीटच्या मागे बांधून ठेवा आणि त्याच वाऱ्यात एकदा जाऊन या, एवढं करून बघाच.

वळण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे आम्ही काय निवडलं ते तुम्हाला सांगायला हवं होतं. बाजूने बघितलं तर कीलची रेषा मधे खाली आणि टोकांकडे वर चढते, त्या चढाला रॉकर म्हणतात. रॉकर जास्त असला की टोकं पाण्यात उथळ राहतात आणि बोट मधल्या भागावर भोवऱ्यासारखी फिरते, खळाळत्या नदीतल्या छोट्या कयाक म्हणूनच एका वल्ह्यात तोंड फिरवतात आणि म्हणूनच लांब सरळ चालवताना जीव नकोसा करतात. दुसऱ्या टोकाला शर्यतीची के-1, नियमाने जास्तीत जास्त 5.20 मीटर लांब, सडपातळ, सरळ जाण्यासाठीच बनवलेली, तिला वळवायला खाली रडर लागतोच. आपली या दोन्हींच्या मधली आहे पण सरळ जाण्याकडे झुकलेली, लांब, रॉकर कमी आणि शेपटीकडे कील धारदार. खुल्या पाण्यात तासन् तास वल्हवणाऱ्यासाठी हा आकार आहे आणि तो मी मुद्दाम ठेवलाय, त्यामुळे डिझाईन चुकलंय हे मला मान्य नाही.

तिला वळवायचं ते कलवून. आपल्या हलला गोल पोट नाही, तळ आणि बाजू जिथे भेटतात तिथे स्पष्ट कोपरा आहे, त्याला चाइन म्हणतात. वेगात असताना डावीकडे जायचंय तर उजवा गुडघा सैल सोडून उजव्या बैठकीवर वजन द्या, डावा गुडघा डेकला (बोटीच्या वरच्या झाकणाला) खालून टेकवून वर उचला, अंग सरळ ठेवा आणि उजवीकडे एक लांब अर्धगोल वल्हं मारा. बोट उजव्या चाइनवर कलते, टोकांची पकड कमी होते, पाण्यातला आकार बाकदार होतो आणि ती डावीकडे वळत जाते. पहिल्यांदा उलटं वाटतं कारण सायकलवर आपण वळणाच्या आत झुकतो आणि इथे बाहेर. ग्रीनलंडच्या लाकडी सांगाड्यावर कातडं ताणलेल्या जुन्या कयाकना असाच कोपरा असायचा आणि रडर नसायचा, त्या अशाच वळवत. किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, सोबत कोणीतरी उभं असताना आधी नुसतं कलवायचा सराव करा.

रडर का नको तेही सांगतो. ओढ झाकली जाईल, पण पातं कायम थोडं तिरकं धरावं लागेल, म्हणजे सतत ब्रेक लावून चालवल्यासारखं. त्यापेक्षा वर-खाली होणारा स्केग, म्हणजे शेपटीखालचं न वळणारं पातं, बरा. वाऱ्यात अर्धा सोडायचा, पूर्ण सोडला तर नाक वाऱ्यापासून लांब जायला लागतं, हळूहळू मधली जागा हाताला सापडते. स्केगची पेटी, पातं आणि दोरी आमच्याकडून पाठवतो, त्याचे पैसे नकोत.

आणि शेवटच्या वाक्याबद्दल, ते वाचून खरंच वाईट वाटलं. तुमची कील वाकडी निघाली तरी बोट वाया गेलेली नाही, लाकडाची आहे म्हणूनच ती दुरुस्त होते. मागचा हातभर भाग घासून तिथे लाकडाची बारीक पट्टी इपॉक्सीने बसवायची, सुताच्या रेषेत रंध्याने धार काढायची आणि वरून क्लॉथचा एक थर. तुमच्या फोटोत डेकचे जोड इतके स्वच्छ दिसतायत की हे काम तुम्ही सहज कराल. नको वाटलं तर बोट इकडे पाठवा, आम्ही करून देतो.

सीट मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना किती आहे तेवढं मोजून आधी कळवा, आणि सूत ताणलेला एक फोटो मागून, मधोमध उभं राहून काढलेला. पट्टी किती जाडीची लागेल ते त्यावरून सांगतो.