डोअर गनर नेम मागे का धरतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. व्हिएतनाम युद्धातल्या डोअर गनरवरच्या, म्हणजे हेलिकॉप्टरच्या दारात मशीनगन घेऊन बसणाऱ्या सैनिकावरच्या, माझ्या लेखाला तुमचे दोन आक्षेप आहेत: 'नेम लक्ष्याच्या मागे धरतात' हे उलटं आहे, आणि अर्धा लेख काडतुसांचे पट्टे नि बंदुकीच्या साफसफाईत गेला, लढाई राहूनच गेली.

उडत्या पक्ष्याच्या पुढे नेम धरतात, हे बरोबर. पण तिथे पक्षी हलतो, बंदूक जागेवर असते. इथे लक्ष्य जमिनीवर आणि बंदूक पळतेय. वसईच्या खाडीपुलावर लोकलमधून टाकलेला नारळ गाडीच्या दिशेने पुढे जाऊन पडतो, तसंच गोळीचं. ह्यूई हेलिकॉप्टर ताशी 150 किलोमीटरने जात असेल, तर दारातून आडव्या सुटलेल्या गोळीत सेकंदाला सुमारे 42 मीटरचा तो वेगही असतो. गनरच्या एम-60 मशीनगनच्या नळीतून ती सेकंदाला साधारण 850 मीटरने निघते. म्हणजे 500 मीटरवर ती जवळजवळ 25 मीटर पुढे गेलेली असते. म्हणून नेम मागे. शिवाय गोळी स्वतःभोवती फिरत असते आणि तिला वारा आडवा लागतो, त्यामुळे उजव्या दारातून ती किंचित खाली जाते, डाव्या दारातून किंचित वर. हवेत हा हिशेब करायला वेळ नसतो. पट्ट्यातलं दर पाचवं काडतूस ट्रेसर, म्हणजे जळत जाणाऱ्या गोळीचं, असतं, त्याची लाल रेघ बघत मारा सरकवत न्यायचा.

आता साफसफाई. लढाई तिथेच ठरायची, असं माझं ठाम मत आहे. तिथली तांबडी धूळ जास्तीच्या तेलात मिसळली की लगदा होतो आणि बंदूक अडते. पट्टा वाऱ्याने लोंबकळला तर काडतूस तिरकं शिरतं. त्यावर गनर लोकांनी काढलेला उपाय म्हणजे सैनिकांच्या रेशनचा रिकामा डबा. तो बंदुकीच्या डाव्या बाजूला बसवायचा आणि पट्टा त्यावरून घ्यायचा. गॅस पिस्टन, म्हणजे गोळीमागच्या वायूच्या दाबाने बंदूक पुन्हा भरणारा दट्ट्या, जोडताना उलटा बसू शकतो. वरून काहीच कळत नाही, पण एक गोळी सुटली की बंदूक थांबते, प्रत्येक वेळी हाताने दांडी ओढून भरावी लागते. याउलट, गोळीबार रोखून धरणारी आतली खाच झिजली तर घोड्यावरून बोट काढल्यावरही गोळ्या सुटतच राहतात. तेव्हा पट्टा पकडून पिळायचा आणि तोडायचा.

दारात बंजी दोरीला (ताणल्या जाणाऱ्या लवचीक दोरीला) टांगलेल्या बंदुकीबद्दल तुम्ही विचारलंत. तिने बाहेर झुकून थेट हेलिकॉप्टरच्या पोटाखाली मारता यायचं. बंदूक बसवायच्या पक्क्या माउंटला (चौकटीला) मात्र अडसर असतात, त्यामुळे नळी आपल्याच पात्यांकडे किंवा स्किडकडे (खालच्या उतरायच्या दांड्यांकडे) वळत नाही. दोरीवर ती जबाबदारी पूर्णपणे गनरची. उतरताना तर त्याच्यावर आणखी एक काम असे: वैमानिकाला शेपटीचा पंखा दिसत नाही. उंच गवतात दडलेले बुंधे बघून 'उजवी बाजू मोकळी' असं इंटरकॉमवर गनर सांगायचा, डावीकडून क्रू चीफ, म्हणजे हेलिकॉप्टरची देखभाल बघणारा सैनिक. दोघांचा होकार आल्यावरच वैमानिक हेलिकॉप्टर खाली घ्यायचा.